कळपाची स्थिति आणि खरें माप

शास्त्रभाग : नीतिसूत्रें २७:२३–२७, लेवीय १९:३५, ३६, १ करिंथ १०:२३–३३

ह्या आठवड्याच्या पाठासाठीं जो शास्त्रभाग घेतला आहे त्यांत एक अगदीं घरगुती सल्ला आहे. मनुष्यानें आपल्या कळपाची खरी स्थिति जाणून घ्यावी, कारण धन कायमचें टिकत नाहीं, असें तेथें सांगितलें आहे. आणि पुढें बकऱ्यांपासून शेताची किंमत निघते असा रोकडा हिशेबही दिला आहे. उपदेशक बंधु हा भाग बहुधा मंडळीच्या देखरेखीविषयीं लावून सांगतात. तसें करण्यास हरकत नाहीं. परंतु लिहिणाऱ्यानें तो जनावरांविषयींच लिहिला होता, आणि शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील ज्या ख्रिस्ती घरांत दोन-चार डुकरें पाळलीं जातात त्या घरांनीं तो तसाच वाचावा अशी आमची इच्छा आहे.

कोणी म्हणेल, डुकराचा विषय शास्त्रपाठांत कशाला? मोशेच्या नियमशास्त्रांत हें जनावर अशुद्ध ठरविलें आहे हें खरें; पण याफो येथें पेत्राला जो दृष्टांत झाला (प्रेषितांचीं कृत्यें १०) तो वाचल्यावर ख्रिस्ती मनुष्यानें त्या नियमाखालीं स्वतःस बांधून घेण्याचें कारण उरत नाहीं. उधळ्या पुत्राची गोष्टही कित्येक जण डुकरें पाळणाऱ्या बांधवांस हिणविण्याकरितां सांगतात. त्यांनीं लूक १५ पुन्हा एकदां नीट वाचावें. त्या तरुणाची विटंबना केवळ डुकरें राखण्यांत नव्हती. ज्या शेतांत डुकरांना शेंगा मिळत होत्या त्याच शेतांत राखणाऱ्याला कोणी कांहीं देत नव्हतें, ही त्याहून मोठी विटंबना होती. आपल्या वाड्यांवर आज हीच गोष्ट निराळ्या रूपानें घडते. डुक्कर वाढतें, व्यापाऱ्याचें भागतें, हॉटेलवाल्याचें चालतें. राखणारा मात्र होता तेथेंच राहतो. तो तेथेंच कां राहतो, हें आपणांस पाहावयाचें आहे.

आमचें मत असें कीं, लहान पाळणाऱ्याचें नुकसान गोठ्यांत होतें त्याहून अधिक विक्रीच्या दिवशीं होतें. भात झोडून झाला, दिवाळी उरकली, कीं आपल्या भागांतील पुष्कळ कुटुंबें वीटभट्टीवर जातात. भट्टीवाल्याची उचल पावसाळ्यांतच खाऊन झालेली असते. मुकादम गाडी घेऊन येतो. घर बंद करून जावयाचें, तर जनावर कोणाच्या स्वाधीन करावें? तेवढ्यांत व्यापारी दारीं येतो, डुकराकडे एक नजर टाकतो आणि एक आंकडा बोलतो. त्या आंकड्याला उत्तर देण्याचें साधन विकणाऱ्यापाशीं नसतें, कारण आपलें जनावर किती किलोचें आहे हेंच त्याला ठाऊक नसतें. जूनमध्यें बियाणें आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदम अंगावर येतो, तेव्हां हाच प्रकार पुन्हा होतो. व्यापारी लबाडच असतो असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला टेंपोचें भाडें आहे, वाटेंत जनावर मरण्याची जोखीम आहे, आणि चार पाड्यांवर हिंडून एक एक डुक्कर गोळा करण्याचा खटाटोप आहे. पण ह्या सर्वांचा खर्च किती व नफा किती हें त्याच्याच डोक्यांत राहतें, आणि दोन्ही मिळून विकणाऱ्याच्या पैशांतून कापले जातात.

वजन कळण्यास दर वेळीं कांटाच पाहिजे असें नाहीं. शिंप्याची एक मापपट्टी पुरे. सकाळीं चारा घालण्यापूर्वीं जनावर सरळ उभें असतां, डोकें फार वर नाहीं व फार खालींही नाहीं अशा स्थितींत, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यावा. नंतर दोन कानांच्या मधोमध पट्टी धरून पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही मापें मीटरमध्यें लिहावीं. घेराला घेरानेंच गुणावें, जें येईल त्याला लांबीनें गुणावें, आणि मग त्यास ६९.३ नें गुणावें. येईल तें सुमारें जिवंत वजन, किलोमध्यें. उदाहरणार्थ, घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे ०.९० मीटर, आणि लांबी ८५ सेंटिमीटर, म्हणजे ०.८५ मीटर आहे असें समजूं. ०.९० गुणिले ०.९० बरोबर ०.८१, ०.८१ गुणिले ०.८५ बरोबर ०.६८८५, त्याला ६९.३ नें गुणिलें असतां ४७.७ येतात. म्हणजे तें डुक्कर सुमारें ४८ किलोचें झालें. घेर घेतांना पट्टी सैल धरली आणि पांचच सेंटिमीटर अधिक लिहिले, तर तेंच डुक्कर कागदावर ५३ किलोचें होतें. म्हणून पट्टी तीन वेळां लावावी आणि मधलें माप धरावें. ह्या रीतीला कांट्याची सर येत नाहीं; परंतु नजरेच्या अंदाजापेक्षां ती पुष्कळ बरी, आणि सातवींतील मुलगीही हा गुणाकार करूं शकते.

व्यापारी मनांतल्या मनांत मांसाचा हिशेब करीत असतो. तोही आपल्यास ठाऊक असावा. चांगल्या भरलेल्या डुकराच्या जिवंत वजनाच्या शेंकडा ७० ते ७५ इतका भाग कापल्यावर हाडांसह उरतो. वरच्या उदाहरणांतील ४८ किलोच्या डुकराचे ते सुमारें ३४ ते ३६ किलो झाले. शहरांतील दुकानाचा किलोचा भाव दूरध्वनीवरून विचारतां येतो. तेवढा सर्व भाव आपणांस मिळावा असा हट्ट धरणें वेडेपणाचें होईल. परंतु दुकानांतील किंमत आणि दारांतील किंमत ह्यांत अंतर किती, हें कळल्यावर बोलणें निराळें होतें. लेवीयांत माप आणि तागडी ह्यांविषयीं जी आज्ञा आहे ती मात्र दोन्ही बाजूंस लागू आहे. वजनाच्या दिवशीं जनावराला खारें चारून पोटभर पाणी पाजणारा पाळक-बंधु आणि कांट्यावर बोट ठेवणारा व्यापारी, ह्यांत देवाच्या दृष्टीनें फरक नाहीं.

आणखी एक हिशेब वहींत असावा. वाढत्या डुकराला एक किलो वाढण्यास साधारणपणें चार किलो सुका खुराक लागतो. वय वाढलें व चरबी धरूं लागली म्हणजे त्याहून अधिक लागतो. म्हणून कोंडा, कणी, पेंड ह्यांचा किलोचा सरासरी खर्च काढावा, त्याची चौपट करावी, आणि ती जिवंत डुकराच्या किलोच्या भावाशीं ताडून पाहावी. चौपट कमी असेल तोंवर जनावर ठेवण्यांत फायदा आहे. ती भावाच्या बरोबरीस आली कीं विकावें. ‘अजून थोडें मोठें होऊं दे’ ह्या आशेनें ठेवलेलें डुक्कर पुष्कळदां कोंडाच खाऊन मोठें होतें, मालकाच्या पदरांत कांहीं टाकीत नाहीं. ज्याचें डुक्कर मोकळें हिंडून पोट भरतें तो म्हणेल, आम्हांस खर्चच नाहीं. त्यानें वर्षाकाठीं किती पिलें जन्मलीं आणि किती विकलीं हें मोजावें. खर्च तेथें सांपडेल.

आतां गिऱ्हाइकाकडे वळूं. वसई व मुंबई येथील ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती घरांत हें मांस सणाचें अन्न आहे. ईशान्येकडील राज्यांतून नोकरीस आलेल्या तरुणांची मागणी अलीकडे त्यांत मिळाली आहे. देवनारचा कत्तलखाना १९७१ सालीं सुरू झाला. हें सर्व शहापूर-मुरबाडपासून शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. अंतर ही आपली खरी अडचण नव्हे. पूर्वीं बोरिवलीस सरकारी बेकन-कारखाना होता. डुकराचें मांस खारवून व धुरी देऊन टिकविणारे असे जे थोडे कारखाने पंचवार्षिक योजनांच्या आरंभींच्या काळांत देशांत निघाले त्यांपैकीं तो एक. पुढें तो मॅफ्को ह्या सरकारी कंपनीकडे गेला. तसा मोठा, ठराविक वजनाचें जनावर ठराविक भावानें घेणारा खरेदीदार आज आपल्या शेजारीं नाहीं. म्हणून मागणी जेव्हां आपोआप चढते तेव्हां आपलें जनावर तयार असणें, एवढाच उपाय लहान पाळणाऱ्याच्या हातीं राहतो.

ती वेळ नाताळाची. डुकरीण सरासरी ११४ दिवस गाभण राहते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस अशी ती मुदत लक्षांत ठेवतात. २१ नोव्हेंबरच्या सुमारास नर दाखविला तर मार्चच्या मध्यावर पिलें होतात, मेमध्यें दूध तोडून पावसाच्या आधीं तीं सुटीं होतात, आणि पुढच्या डिसेंबरच्या मध्यास नऊ महिन्यांचीं भरतात. माज चुकला तर पुन्हा २१ दिवसांनीं येतो; म्हणून तारीख वहींत लिहावी. ह्या हिशेबांत एक कडू गोष्ट आहे. भट्टीवर जाणारें कुटुंब आपलें डुक्कर नोव्हेंबरांत, मिळेल त्या भावानें विकतें. आणि त्याच जनावरास पांच-सहा आठवड्यांनीं वर्षांतला उत्तम भाव मिळतो. तेवढे आठवडे तें जनावर संभाळणारा कोणी मंडळींत निघत नाहीं काय? वाट्यानें गुरें पाळावयास देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. जाण्याच्या दिवशीं चौघांसमक्ष पट्टीनें वजन घेऊन लिहावें. विक्रीच्या दिवशीं पुन्हा घ्यावें. मधली जी वाढ झाली तिची किंमत खुराक वजा करून दोघांनीं अर्धी अर्धी घ्यावी, आणि मूळ वजनाची किंमत मालकाची. जनावर मेलें तर काय, हेंही त्याच दिवशीं ठरवून लिहावें. न लिहिलेल्या करारानें भाऊ-भाऊ एकमेकांस पारखे झालेले आम्हीं पाहिले आहेत.

विक्री एकत्र करावी. चार घरांचीं आठ डुकरें एका सकाळीं एका ठिकाणीं मिळणार असतील, तर व्यापाऱ्याचा हिंडण्याचा खर्च वांचतो, आणि तो वांचलेला खर्च भावांत मागतां येतो. दोन व्यापाऱ्यांस आदल्या आठवड्यांत विचारावें. टोकावडें, धसई, डोळखांब, किन्हवली अशा ठिकाणांहून एकट्या डुकराला गाडी परवडत नाहीं, आठांना परवडते. डुकराला घाम येत नाहीं, म्हणून भरलेलें जनावर दुपारच्या उन्हांत गाडींत घातलें तर कल्याण गांठण्यापूर्वींच गुदमरतें. पहाटे निघावें व निघतांना पाणी शिंपडावें. आणि व्यापाऱ्यास गोठ्यांत येऊं देऊं नये. जनावरें सडकेपर्यंत आपण न्यावीं. हा अपमान नव्हे. त्याचें कारण पुढें देत आहों.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर नांवाचा एक रोग आहे. केनियांतील त्याचें वर्णन १९२१ सालीं प्रसिद्ध झालें. २००७ सालीं तो जॉर्जिया देशांत उतरला, ऑगस्ट २०१८ मध्यें चीनमध्यें सांपडला, आणि २०२० सालीं आसाम व अरुणाचल प्रदेश ह्यांत आला. तेथून पुढें देशाच्या इतर राज्यांत पोंचला. मनुष्याला तो होत नाहीं. डुकराला झाला तर औषध नाहीं, आणि आपल्या देशांत पाळणाऱ्याच्या हातीं येईल अशी लसही नाहीं. एकाएकीं ताप, चारा सोडणें, कान व पोट लाल-जांभळें होणें, कधीं कांहीं न दिसतांच मरणें, हीं त्याचीं चिन्हें. अशींच चिन्हें क्लासिकल स्वाइन फीव्हर ह्या दुसऱ्या रोगांतही दिसतात. त्याला मात्र लस आहे, आणि ती वेळेवर टोंचून घ्यावी. कोणता रोग आहे हें डोळ्यांनीं ठरत नाहीं, रक्त तपासूनच ठरतें. आफ्रिकन रोगाचें विष मांसांत, खारविलेल्या मांसांतसुद्धां, महिनोन् महिने जिवंत राहतें. टेंपोच्या फळीवर, व्यापाऱ्याच्या चपलेवर, हॉटेलच्या खरकट्यांत बसून तें गोठ्यांत येतें. म्हणून खरकटें आणलेंच तर उकळी फुटल्यावर ढवळीत अर्धा तास शिजवावें, आणि ज्यांत डुकराचें मांस असेल तें मुळींच घालूं नये. रानडुकराचें मांसही घरीं आणूं नये. त्याची शिकार कायद्यानें गुन्हा आहे, आणि हा रोग त्यालाही होतो.

येथें ह्या पाठाची खरी कसोटी आहे. समजा, सकाळीं तीन डुकरांपैकीं एक मेलेलें सांपडलें, दुसरें चारा खात नाहीं, तिसरें धडधाकट दिसतें. पहिला विचार असा येतो कीं, कोणास कळण्यापूर्वीं उरलेलीं दोन विकून टाकावीं. गरीब मनुष्याला हा विचार येणें स्वाभाविक आहे. त्याची वर्षाची पुंजी डोळ्यांदेखत जात असते. परंतु जीं दोन डुकरें तो विकतो तीं दहा घरांची पुंजी घेऊन जातात, आणि तीं दहा घरें बहुधा त्याच्यासारखींच असतात. आपल्यापैकीं प्रत्येकानें स्वतःचें नव्हे तर दुसऱ्याचें हित पाहावें असें पौल करिंथकरांस बाजारांतल्या मांसाच्याच प्रसंगीं लिहितो, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. कायदाही तेंच सांगतो : जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें अशा रोगाचा संशय येतांच मालकानें खबर देणें बंधनकारक आहे. रोग ठरल्यावर सरकारी हुकुमानें जीं डुकरें मारलीं जातात त्यांची भरपाई मिळते. खबर देण्यापूर्वीं जीं आपोआप मेलीं त्यांची मिळत नाहीं. म्हणजे लपविणारा शेजाऱ्यास तर बुडवितोच, स्वतःलाही बुडवितो. फेब्रुवारी २०२२ मध्यें शहापूर तालुक्यांत वेहळोली येथें कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, तेव्हां आसपासच्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या, हें आपल्यांतील पुष्कळांस आठवत असेल. भरपाई उशिरां येते आणि पुरेशी वाटत नाहीं, ही तक्रार आम्हांस ठाऊक आहे; ती खोटी नाहीं. म्हणूनच ज्या घरानें खरी खबर दिली त्या घराला मंडळीनें त्या महिन्यांत तांदूळ पुरवावे. दानपेटीचा याहून योग्य उपयोग आम्हांस दिसत नाहीं.

खबर देण्यासाठीं पंचायत समितीचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि १९६२ ह्या क्रमांकावर फुकट दूरध्वनि करितां येतो. मेलेलें जनावर ओढ्यांत टाकूं नये. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें.

डुकरें बांधून ठेवण्याचा विषय आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण त्यावर मतभेद असूं नये. मोकळें डुक्कर माणसाची विष्ठा खातें. तींतून फीतकृमीचीं अंडीं त्याच्या पोटांत जातात व मांसांत फोड धरतात. तें मांस कच्चें राहिलें तर खाणाऱ्याच्या पोटांत कृमि वाढतो. आणि अशा मनुष्याच्या विष्ठेंतील अंडीं हातांवाटे किंवा पाण्यावाटे कोणाच्या पोटांत गेलीं तर मेंदूंत फोड होऊन झटके येतात. झटक्यांना भुताची बाधा समजून भगताकडे नेणारे लोक अजून आहेत. शौचकूप आणि बंद गोठा, हे दोन त्यावरचे उपाय. शिवाय मोकळें डुक्कर शेजाऱ्याच्या भातांत शिरतें, विहिरीपाशीं लोळतें, आणि ज्यांच्या धर्मांत तें निषिद्ध आहे त्यांच्या दारांतून जातें. आम्हांला मोकळीक आहे, पण आमच्या मोकळिकीनें दुसऱ्याला इजा कां व्हावी? गोठा बांबूचा व कुडाचा चालेल. तळ मात्र फरसबंद असावा. व्यायच्या जागीं भिंतीपासून वीतभर अंतरावर व जमिनीपासून वीतभर उंच असा बांबूचा कठडा बांधावा, म्हणजे डुकरीण आडवी पडतांना पिलें त्यामागें सरतात व चिरडत नाहींत. फरसबंदीवर वाढणाऱ्या पिलांना लोह कमी पडतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं लोहाची सुई टोंचून घ्यावी. विक्रीस आणखी दोन पिलें जगविण्याचा याहून स्वस्त उपाय नाहीं.

कर्जाविषयीं एक सूचना. राष्ट्रीय पशुधन अभियानांत २०२१-२२ पासून डुकरांच्या पैदाशीकरितां निम्म्या भांडवली खर्चापर्यंत अनुदान मिळतें. पण त्याची पायरी ५० डुकरिणी व ५ नर येथून सुरू होते. दोन डुकरिणींच्या मालकानें हें ऐकून घर गहाण टाकूं नये. बचत गटास व सहकारी संस्थेसही ती योजना खुली आहे. तीन-चार वर्षें एकत्र विकण्याची संवय ज्यांना लागली त्यांनीं पुढें तिचा विचार करावा. लहानांसाठीं किसान क्रेडिट कार्ड आहे. २०१८-१९ पासून तें पशुपालनासही लागू झालें आहे, व विम्याची सोयही विचारावी.

ज्या उपदेशक बंधूंच्या वाड्यांवर डुकरें पाळलीं जातात त्यांनीं पुढील रविवारीं उपासना आटोपल्यावर एक मापपट्टी व शाळेचा फळा घेऊन एका गोठ्यापाशीं जमावें. प्रथम प्रत्येकानें नजरेनें वजन सांगावें, तें फळ्यावर लिहावें. मग चौघांनीं निरनिराळें माप घ्यावें. शक्य झालें तर तेंच जनावर भाताच्या मापाड्याच्या कांट्यावरही चढवावें, आणि तीनही आंकडे, तारखेसह, मंडळीच्या वहींत उतरून ठेवावे.